परक्या हातचा घांस

गेल्या उन्हाळ्यांतली गोष्ट. माझी नात सुटीला मुंबईहून राजापुरास आली होती. एके दिवशीं संध्याकाळीं बाजारांतून येतांना तिनें पुठ्ठ्याचें एक लहानसें खोकें आणलें, तें माझ्यापुढें ठेवलें आणि म्हणाली, “आजोबा, हा कोरियन पद्धतीचा चीझकेक. आधींच नाहीं म्हणूं नका, खाऊन बघा.” ज्या किराणा दुकानांतून माझे वडील महिन्याचे तांदूळ, गूळ आणि रॉकेल आणीत, त्याच दुकानांत आतां कांचेच्या दाराचा एक उंच फ्रीज उभा आहे, आणि त्यांत अशीं खोकीं ओळीनें मांडलेलीं असतात. कोरिया देश मीं मुलांना नकाशावर पुष्कळ वेळां दाखविला आहे. तो कधीं जिभेवर येईल असें मात्र वाटलें नव्हतें.

मास्तरकीच्या संवयीप्रमाणें मीं आधीं खोकें वाचून काढलें. दूध, मलई, चीझ, साखर, मैदा. बनविल्याची तारीख, संपण्याची तारीख. आणि एका कोपऱ्यांत हिरव्या चौकटींतला हिरवा ठिपका. मग एक तुकडा तोंडांत घातला. गार, मऊ, किंचित् आंबट. पहिल्या क्षणीं श्रीखंडाच्या चक्क्याची आठवण झाली, आणि दुसऱ्या क्षणीं खरवसाची. आमच्या कोंकणांत गाय व्याली म्हणजे चिकाचा खरवस वाफवितात. त्याची वडी जशी दांतांना श्रम न देतां जिभेवरच मोडते, तसाच हा केकहि मोडला. माझ्या पत्नीनेंहि एक तुकडा घेतला आणि शांतपणें अभिप्राय दिला, “खरवस बरा आहे. जायफळ घालायला विसरलेत.” नात हंसली, आम्हीहि हंसलों, आणि खोकें रिकामें झालें.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मात्र एक विचार मनांत आला. हा पदार्थ कोणी केला, हें आमच्या घरांत कोणीहि विचारलें नाहीं. माझ्या लहानपणीं, म्हणजे अवघ्या साठ वर्षांपूर्वीं, याच घरांत पहिला प्रश्न तोच झाला असता. चव कशी आहे हा प्रश्न मागाहून आला असता, किंवा आलाच नसता. “हें कोणाच्या हातचें?” या तीन शब्दांनीं महाराष्ट्रांत केवढाल्या माणसांना वाकविलें, किती घरें फोडलीं आणि किती लोकांना दाराबाहेर उभें ठेवलें, याचा इतिहास मोठा आहे. तो प्रश्न आज आपण खरोखरच सोडून दिला आहे काय, हें आजच्या भाषणांत आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

राजापुराला परदेशी माल आणि परदेशी माणूस हीं दोन्ही जुनींच. अर्जुना नदीच्या खाडीनें जेव्हां गलबतें गांवापर्यंत येत, तेव्हां हें कोंकणांतलें एक मोठें बंदर होतें. इंग्रजांनीं येथें १६४९ सालीं वखार घातली. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत या वखारवाल्यांनीं सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली, आणि त्याचें फळ म्हणून १६६१ च्या मार्च महिन्यांत शिवाजी महाराजांनीं राजापुरावर येऊन वखार लुटली व इंग्रजांना कैद केलें. त्या नुकसानीच्या भरपाईचें भांडण १६७४ पर्यंत चाललें. त्या वर्षीं हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर गेला. महाराजांचा राज्याभिषेकहि त्यानें समक्ष पाहिला.

या वकिलातीच्या हकीकतींत एक लहानशी, पण मला फार आवडणारी गोष्ट आहे. इंग्रज मंडळींना रोज बकऱ्याचें मांस लागे. तें पुरविणारा खाटीक म्हातारा होता. कित्येक वर्षांत झाला नव्हता एवढा खप या थोड्या दिवसांत झालेला पाहून, हे आपले गिऱ्हाईक आहेत तरी कोण, हें डोळ्यांनीं पाहण्यासाठीं तो म्हातारा रायगडाची ती उभी चढण चढून वर आला. परक्याच्या ताटाविषयीं माणसाला वाटणारें निर्मळ कुतूहल त्या म्हाताऱ्याच्या ठिकाणीं दिसतें. हें कुतूहल आपल्या लोकांत नव्हतें असें कोणी म्हणूं नये. तें होतें, पण त्याला एक कुंपण होतें.

तें कुंपण कोठें होतें हें पाहावयाचें असेल, तर एकादशीचें ताट समोर घ्या. साबुदाण्याची खिचडी, तींत बटाटा, दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची. बटाटा, भुईमूग आणि मिरची हे तिन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडांतले, आणि आपल्याकडील साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदहि तिकडचाच. कोलंबसानें १४९२ सालीं अटलांटिक ओलांडला त्यापूर्वीं आपल्या कोणाहि पूर्वजानें यांपैकीं एकहि वस्तु पाहिली नव्हती. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हे जिन्नस आले. आमच्या कोंकणाचें ज्यावर पोट चालतें तो काजू, आणि अननस व पपई हीं फळेंहि त्याच वाटेनें आलीं. त्यांचीं नांवेंसुद्धां पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्या तोंडांत आलीं. मौज अशी कीं, शेंकडों पिढ्या आपल्या शेतांत पिकणारा भात उपवासाला चालत नाहीं, आणि सातासमुद्रांपलीकडून आलेला बटाटा चालतो! ज्या धर्मभीरु घरांत परदेशगमन हें पाप होतें, त्याच घराच्या देवघरांत परदेशांतून आलेलें फळ नैवेद्याला गेलें.

याचें कारण उघड आहे. हे जिन्नस कंद म्हणून, फळ म्हणून, बीं म्हणून आले. ते कोणी शिजविलेले नव्हते. आपल्या आचारांत कोरडा शिधा कोणाकडूनहि घेतां येई. कुणब्यानें पिकविलेला दाणा, गवळ्यानें काढलेलें दूध, व्यापाऱ्यानें आणलेला गूळ, यांना विटाळ नसे. त्याच दाण्याला दुसऱ्याच्या घरीं पाणी लागलें, तो दुसऱ्याच्या चुलीवर चढला, कीं मात्र तें अन्न ‘हातचें’ झालें. म्हणजे आपलें भांडण वस्तूशीं नव्हतें, देशाशींहि नव्हतें. तें हाताशीं होतें.

म्हणूनच पाव हा पदार्थ एवढा बदनाम झाला. गहूं आपलाच, परंतु तो मळून, आंबवून, भाजून देणारा हात परक्याचा. गोव्यांत पोर्तुगीजांबरोबर पाव आला आणि तो भाजणारा पोदेर गांवोगांव स्थिरावला. वसईकडे अशी लोककथा पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत कीं, पाद्री लोक विहिरींत पाव टाकीत आणि तें पाणी नकळत प्यालेला सारा गांव बाटला असें मानलें जाई. ही कथा अक्षरशः किती खरी हा वेगळा प्रश्न. परंतु १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकल्यावरहि ती लोकांच्या तोंडीं राहिली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. कारण तींत पावापेक्षां आपल्या समाजाचें चित्र अधिक आहे. विहिरींत पाव टाकणारे परके होते, हें खरें. पण पाणी प्यालेल्या आपल्याच शेजाऱ्याला “तूं आतां आमचा नव्हेस” असें सांगणारे परके नव्हते.

आतां आपण वसईहून पुण्यास येऊं, कारण या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला खटला तेथें उभा राहिला. १८९० सालचा ऑक्टोबर महिना. पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें गांवांतील नामांकित मंडळी जमली. न्यायमूर्ति रानडे होते, आमच्या रत्नागिरींत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक होते, आणि इतरहि सुशिक्षित गृहस्थ होते. कार्यक्रम संपल्यावर मिशनच्या लोकांनीं चहा आणि बिस्किटें पुढें केलीं. कोणी तीं घेतलीं, कोणी केवळ मान राखण्यापुरतीं हातांत धरलीं. एवढाच काय तो अपराध!

या प्रसंगाच्या मुळाशीं गोपाळराव जोशी हे गृहस्थ होते. आपल्याकडील पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकीं एक ज्या आनंदीबाई जोशी, त्यांचे हे पति. आनंदीबाई १८८३ सालीं एकट्या अमेरिकेस गेल्या. जाण्यापूर्वीं श्रीरामपूर येथील सभेंत त्यांनीं, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असें जाहीर केलें होतें. फिलाडेल्फियाच्या थंडींत त्यांनीं आपला शाकाहार सांभाळून १८८६ सालीं डॉक्टरची पदवी घेतली, आणि १८८७ सालीं पुण्यांत त्या वारल्या. बायको परदेशीं राहून आली म्हणून ज्यांनीं समाजाचीं बोलणीं ऐकलीं होतीं, त्या गोपाळरावांनीं आतां समाजांतील पुढाऱ्यांची परीक्षा घेण्याचें ठरविलें असावें. व्याख्यानाला आलेल्या मंडळींचीं नांवें त्यांनीं ‘पुणें वैभव’ या पत्रांत छापवून आणलीं, आणि पुण्यांत एकच गहजब उडाला.

प्रकरण शंकराचार्यांकडे गेलें. चौकशीसाठीं मंडळ नेमलें गेलें. शास्त्रार्थ झाले, पक्ष पडले. ज्यांच्या घरीं लग्नें-मुंजी निघाल्या त्यांची पंचाईत झाली. कारण बाटलेल्याच्या पंक्तीला बसणाराहि बाटतो, असा हिशेब होता. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें दाखविलें. रानड्यांनींहि अखेर १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं आपल्या आठवणींच्या १९१० सालच्या पुस्तकांत या दिवसांविषयीं लिहिलें आहे. जो पुढें हायकोर्टाचा न्यायाधीश झाला, ज्याच्या बुद्धीपुढें सरकार विचार करी, त्या पुरुषाला एका पेल्याकरितां मान तुकवावी लागली! सुधारक रागावले, सनातनी पुरते संतुष्ट झाले नाहींत.

या साऱ्या वादांत त्या बिस्किटांत काय होतें, याला कांहींच महत्त्व नव्हतें. त्यांत मैदा आणि साखर असेल. अंडें असेल किंवा नसेल. वाद होता तो तें पुढें करणाऱ्या हाताचा. तेंच बिस्किट एखाद्या शास्त्रीबोवांच्या घरीं भाजलें असतें, तर त्याला लोकांनीं खुसखुशीत नानकटाई म्हटलें असतें.

व्यापारी मनुष्य समाजाची नाडी पुढाऱ्यांपेक्षां लौकर ओळखतो. पंचहौद प्रकरणानंतर आठ वर्षांनीं, १८९८ सालीं, दिल्लीस ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. नांवांतच उत्तर होतें. आमचीं बिस्किटें उच्च जातीच्या हिंदूंच्या हातचीं आहेत, असें गिऱ्हाइकाला आश्वासन देऊन हा माल विकला जाई. पदार्थ साहेबाचा, यंत्र साहेबाचें, पण हात मात्र ओळखीचा. लोकांचा आक्षेप बिस्किटाला नव्हताच, याचा यापेक्षां स्पष्ट पुरावा कोणता? पुढें १९२९ सालीं मुंबईजवळ पार्ल्यास स्वदेशी कारखाना निघाला आणि १९३९ पासून तेथें बिस्किटें होऊं लागलीं. हळूहळू पुड्यावर ‘हिंदू’ लिहिण्याची गरज उरली नाहीं. कागदी वेष्टनानें हात झांकला, तो कायमचा.

माझ्या लहानपणीं हा बदल आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. माझी आजी सोवळ्यांतली. वडील रत्नागिरीहून येतांना आम्हां मुलांसाठीं बिस्किटाचा पुडा आणीत. आजीनें तो कधीं फेकून दिला नाहीं. नातवंडांवर तिची माया होती. पण पुडा फोडावयाचा तो पडवींत, खावयाचा पडवींत, आणि चूळ भरून, पाय धुऊन मगच माजघरांत पाऊल ठेवावयाचें. एकदां मीं तिला विचारलें, “आजी, तुला नको?” ती म्हणाली, “नको रे बाबा. कोणी केलंन्, कुठं केलंन्, कांहीं माहीत नाहीं.” तिच्या आचाराला मी आज चूक म्हणतों, परंतु तिच्या बोलण्यांत एक सरळपणा होता हेंहि मला कबूल केलें पाहिजे. जो नियम तिनें बिस्किटाला लावला, तोच तिनें माणसांना लावला. त्यामुळें कांहीं माणसें आमच्या पडवीपर्यंतहि येऊं शकत नसत. तीं अंगणांत उभीं राहत आणि त्यांच्या ओंजळींत वरून पाणी ओतलें जाई. माझ्या वर्गांतला एक मुलगा तसा उभा राहिलेला मीं पाहिला आहे. आम्ही शाळेंत एका बांकावर बसत होतों.

त्या ओंजळीचा इतिहास मोठ्या माणसांच्या पेल्याहून अधिक कडू आहे. रानडे-टिळकांना प्रायश्चित्त घेऊन परत पंक्तीला बसतां आलें. ज्यांचा जन्मच विटाळ ठरविला होता त्यांना प्रायश्चित्ताचीहि सोय नव्हती. राजापूरच्या उत्तरेस, कोंकणांतच, महाड गांवीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें प्राशन केलें. तळें नगरपालिकेचें, तें सर्वांना खुलें असल्याचा ठरावहि झालेला होता. तरीहि त्या दिवशीं परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि मागाहून गांवकऱ्यांनीं पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ करून घेतलें. गुरेंढोरें त्या तळ्यावर पाणी पीत. त्यांच्यामागें कोणी घागर घेऊन धांवलें नव्हतें. कोर्टांतला झगडा दहा वर्षें चालला आणि १९३७ च्या मार्चांत मुंबई हायकोर्टानें अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूनें निकाल दिला.

याच सुमारास रत्नागिरींत, स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या पुढाकारानें, सहभोजनें सुरू झालीं. १९३१ सालीं भागोजीशेठ कीर यांनीं बांधलेलें पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुलें झालें, आणि १९३३ च्या १ मे रोजीं ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ निघालें. तेथें चहा कोणाच्या हातून येतो हें लपविलेलें नव्हतें. उलट तो अस्पृश्य मानलेल्याच्या हातून येतो, हेंच त्या दुकानाचें प्रयोजन होतें. महाड आणि रत्नागिरी येथील माणसें अनेक बाबतींत एकमेकांपासून फार दूर होतीं. पण हात झांकून हा प्रश्न सुटणार नाहीं, तो हात सर्वांदेखत स्वीकारावा लागेल, एवढें या दोन्ही ठिकाणीं ओळखलेलें होतें. १९५० सालीं राज्यघटना अंमलांत आली आणि तिच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली.

आतां पुन्हां आमच्या त्या खोक्याकडे वळूं. चीझ घालून केक करण्याची रीत फार जुनी. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील रोमन ग्रंथकार केटो यानें आपल्या शेतीविषयक ग्रंथांत अशा केकची कृति दिली आहे, आणि रोमन लोक तो आपल्या देवांना वाहत. म्हणजे हा त्यांचा नैवेद्यच. आजच्या केकांत जें मऊ, मलईदार चीझ पडतें तें १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क प्रांतांत विल्यम लॉरेन्स नांवाच्या गवळीधंद्यांतील गृहस्थानें बाजारांत आणलें. १८८० मध्यें त्यावर ‘फिलाडेल्फिया’ हें नांव छापूं लागले. माल त्या शहरांतला नव्हता, पण तेथील दुधदुभत्याची ख्याति मोठी होती. त्यानंतर तीनच वर्षांनीं आमच्या आनंदीबाई त्याच शहरांत पुस्तकें घेऊन कॉलेजास जाऊं लागल्या.

आणि कोरिया? तेथेंहि चीझ परक्याच्या हातानेंच आलें. दिदिए सेर्स्तेव्हन्स हे बेल्जियमचे एक कॅथलिक पाद्री १९५९ सालीं कोरियांत गेले. युद्धानें तो देश पार खचला होता. १९६४ सालीं त्यांची नेमणूक इम्सिल नांवाच्या डोंगराळ, गरीब भागांत झाली. शेतकऱ्यांना जोडधंदा मिळावा म्हणून त्यांनीं बकऱ्या पाळण्यास दिल्या. दूध उरूं लागलें तेव्हां त्याचें चीझ करण्याची खटपट केली. तें बिघडलें, तेव्हां युरोपांत जाऊन ती विद्या शिकून आले. १९६७ सालीं इम्सिल येथें चीझचा कारखाना उभा राहिला. कोरियन लोकांनीं त्यांना आपल्या भाषेंतलें नांव दिलें आणि म्हातारपणीं नागरिकत्वहि दिलें. २०१९ सालीं ते तेथेंच वारले. ज्या देशाच्या पारंपरिक स्वयंपाकांत चीझ नव्हतें, तो देश आज आपल्या पद्धतीचा केक म्हणून तो पदार्थ जगाला दाखवितो, आणि राजापूरच्या मुली तो विकत घेतात. पंचहौदांतहि मिशनऱ्यानेंच पदार्थ पुढें केला होता. एका ठिकाणीं त्याचा खटला झाला, दुसऱ्या ठिकाणीं धंदा झाला.

आपल्याकडे तो केक येतांना त्यावर जो हिरवा ठिपका उमटतो, त्याचा नियम २००१ पासूनचा. कोरियांत आणि जपानांत अशा केकांत अंडीं घालतात. आमच्या खोक्यांत तीं नव्हतीं, असें तो ठिपका सांगत होता. जुन्या रीतीच्या चीझमध्यें दूध फाडण्यासाठीं वासराच्या पोटांतील रस वापरतात. तोहि यांत नाहीं, असेंहि त्यानें सांगितलें. हा ठिपका फार उपयोगाचा आहे. माझ्या पत्नीनें निर्धास्तपणें तुकडा उचलला तो त्याच्याच भरंवशावर. एका दृष्टीनें पाहिलें तर १८९० सालच्या चौकशी मंडळाचें काम आज तो बोटाच्या पेराएवढा ठिपका करतो, आणि कितीतरी अधिक शहाणपणानें करतो. तो विचारतो, ‘यांत काय आहे?’ ‘हें कोणी केलें?’ असें तो विचारीत नाहीं. ही प्रगति नव्हे असें कोण म्हणेल?

मीहि तसेंच म्हटलें असतें. पण त्या रात्रीं मला माझ्या शाळेंतली एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं.

शाळेंत मुलांना आहार देण्याची केंद्र सरकारची योजना १९९५ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली. आमच्याकडे आरंभीं मुलांना घरीं नेण्यासाठीं तांदूळ मिळत. २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच द्यावें असा आदेश दिला, आणि त्यानंतर आमच्याहि शाळेंत खिचडी शिजूं लागली. मी तेव्हां तालुक्यांतील एका लहान गांवीं मुख्याध्यापक होतों. स्वयंपाकासाठीं जी बाई नेमली ती बौद्धवाडींतली. हातानें चलाख, स्वच्छ; डोक्याला पदर बांधून पातेलें घांसी तें आरशासारखें लखलखे. पहिल्याच दिवशीं दहा-बारा मुलें डबा घेऊन आलीं. पोट दुखतें, तिखट चालत नाहीं, अशीं कारणें होतीं. कोणाच्या डब्यांत पोळी होती, पण पुष्कळांच्या दप्तरांत बिस्किटाचे पुडे होते. कोणी, कोठें, कोणाच्या हातानें केलेलीं हीं बिस्किटें, हें त्या मुलांच्या आईबापांना ठाऊक नव्हतें आणि तें त्यांना चालत होतें. समोर शिजलेली, डोळ्यांदेखत धुतलेल्या डाळतांदळांची खिचडी मात्र चालत नव्हती. कारण तेथें हात दिसत होता.

मुलांची गोष्ट येथें संपली असती, तर मीं ती मोठ्या रुबाबानें सांगितली असती. पण मुलांना वाढण्यापूर्वीं शिक्षकानें अन्न चाखावयाचें असतें. बाईनें एका वाटींत खिचडी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “गुरुजी, मीठ बघा जरा.” आणि मीं, ज्यानें मुलांना महाडचा धडा वर्षानुवर्षें शिकविला होता, ज्यानें पंचहौदाच्या पंडितांची मनसोक्त थट्टा केली होती, त्या मीं उत्तर दिलें, “आज माझा उपवास आहे.” वाटी मीं सहकाऱ्याकडे सरकविली.

तो बुधवार होता. मी कोणताहि उपवास करीत नाहीं. तोंडांतून तें कसें निघालें हें मी आजतागायत स्वतःला विचारतों. दुसऱ्या दिवशीं मीं पित्ताचें निमित्त सांगितलें. तिसऱ्या दिवशीं मी पुन्हां उपवासावर आलों. बाई क्षणभर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती म्हणाली, “मग उद्यां तुमच्यापुरता साबुदाणा भिजवूं काय, गुरुजी?”

श्रोतेहो, त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. ती भोळेपणानें म्हणाली कीं समजून म्हणाली, हें मला त्या वेळीं कळलें नाहीं आणि पुढेंहि मीं विचारलें नाहीं. चौथ्या दिवशीं मी मुलांबरोबर जमिनीवर बसलों आणि तिच्या हातची खिचडी पोटभर खाल्ली. गुरुजी जेवतात हें पाहून दोन मुलांनीं डबे बाजूला ठेवले. आठवड्याभरांत आणखी पांच-सहा आलीं. दोघांच्या घरून शेवटपर्यंत डबा येत राहिला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ती खिचडी खात होतों, आणि खरें सांगतों, तिच्यासारखी फोडणी आमच्या घरीं साधली नाहीं. पण पहिले तीन दिवस माझ्या खात्यावर तसेच शिल्लक आहेत.

म्हणून त्या कोरियन केकाचा तुकडा खाऊन मी फार पुढारलों असें मला म्हणवत नाहीं. तो खाण्याला धैर्य लागलें नाहीं. खोक्यांतून आलेल्या पदार्थामागें माणूस नसतो असें नाहीं. कोणीतरी दूध तापविलेलें असतें, कोणीतरी सांचे भरलेले असतात, कोणीतरी तें खोकें चिकटविलेलें असतें. पण तीं माणसें आपल्यापुढें वाटी घेऊन उभीं राहत नाहींत, मीठ बघा म्हणत नाहींत, आणि आपण खोटें बोललों तर तें त्यांना कळत नाहीं. आपल्या आजीपणजींनीं परका हात उघडपणें नाकारला. आपण तो नाकारीत नाहीं; तो दिसणार नाहीं अशी व्यवस्था झाली आहे, आणि त्या सोयीला आपण उदारपणा म्हणतों.

आपल्या घरांत आज कोणत्याहि जातीच्या, कोणत्याहि देशाच्या कारखान्यांतला माल येतो. घरीं लग्नकार्य निघालें म्हणजे आचारी कोण आहे, वाढपी कोण आहेत, पाणी कोण भरतें, याची चौकशी आपण कशी करतों, तेवढें एकदां आठवून पाहावें. माझ्या म्हणण्याची परीक्षा तेथें होईल, दुकानांतल्या फ्रीजपाशीं नव्हे.

नात परत जातांना मीं तिला ही खिचडीची गोष्ट सांगितली. तिनें विचारलें, “आजोबा, त्या बाई आतां कुठं असतात?” त्या त्याच गांवीं असतात. राजापुराहून तेथें जायला एस.टी.नें पाऊण तास लागतो. पाऊस थांबला कीं एकदां जाऊन यावें असें आम्हीं दोघांनीं ठरविलें आहे. आणि या खेपेस मी अगोदर कळविणार नाहीं, म्हणजे जें शिजलेलें असेल तेंच पानांत पडेल.